नोंद नाही, वहिवाट आहे

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी, दिवाळी ऐन तोंडावर आलेली असताना, मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या आपल्या संगणकप्रणालीला दिलेली मुदत संपली. आणि ज्या यंत्रांना तिच्या पुढील आवृत्तीत, म्हणजे विंडोज ११ मध्ये, प्रवेश देण्याचे कंपनीने आधीच नाकारले होते ती यंत्रे, आदल्या दिवशी जितकी धडधाकट होती तितकीच त्या दिवशीही असूनही, कंपनीच्या दप्तरी निकालात निघाली. कॅनालिस या बाजारसंशोधन करणाऱ्या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्येच असा अंदाज वर्तविला होता, की या एका निर्णयापायी सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाण्याचा संभव आहे. अंदाजाला अंदाजाइतकेच महत्त्व द्यावे हे खरे. तथापि या २४ कोटींमध्ये बिघाड कशाचा आहे असे कोणी विचारले, तर बहुतेकांच्या बाबतीत 'कशाचाही नाही' असेच उत्तर द्यावे लागेल, आणि एवढ्या मोठ्या संख्येच्या निरोगी वस्तूंना एका तारखेने टाकाऊ ठरविल्याचे दुसरे उदाहरण यंत्रयुगाच्या इतिहासात सहजी आठवत नाही.

एखादे यंत्र एखादी प्रणाली चालविण्यास असमर्थ असणे आणि त्या यंत्रावर ती प्रणाली चाललीच तर तिची जबाबदारी घेण्यास निर्माता राजी नसणे, या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. परंतु ग्राहकाला पडद्यावर दिसणारे वाक्य दोन्ही प्रसंगी एकच असते, आणि त्या वाक्यामागे यांपैकी कोणता नकार उभा आहे हे ओळखण्याची विद्या आज विद्यापीठांपेक्षा दुरुस्तीच्या दुकानांतच अधिक जिवंत आहे.

प्रथम फर्मानाचा इतिहास पाहू. विंडोज १० ही २९ जुलै २०१५ रोजी प्रसिद्ध झाली, आणि तत्पूर्वी मे महिन्यात शिकागो येथे भरलेल्या कंपनीच्या परिषदेत तिच्याच एका कर्मचाऱ्याने ही विंडोजची अखेरची आवृत्ती असल्याचे सांगून टाकले होते. यापुढे नवी आवृत्ती निघणार नाही, जुनीच हळूहळू सुधारत जाईल, असा त्याचा अर्थ लोकांनी घेतला आणि कंपनीने तो खोडून काढण्याची घाई केली नाही. सहा वर्षांनी, २४ जून २०२१ रोजी, विंडोज ११ ची घोषणा झाली. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी ती बाजारात आली. तिच्या अटींपैकी ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, दोन कोअरचा चौसष्ट बिटी प्रोसेसर या अटी इतक्या माफक होत्या, की दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही त्या हसतहसत पुऱ्या करील. अडसर होते ते दुसऱ्या तीन अटींचे. यंत्रात टीपीएम २.० नावाची सुरक्षाचिप हवी. 'सिक्युअर बूट' करण्याची क्षमता हवी. आणि प्रोसेसर कंपनीने प्रसिद्ध केलेल्या यादीतला हवा, जी यादी इंटेलच्या बाबतीत ढोबळमानाने आठव्या पिढीपासून आणि एएमडीच्या बाबतीत रायझन २००० या मालिकेपासून सुरू होते. इंटेलची आठवी पिढी २०१७ च्या उत्तरार्धात बाजारात आली. म्हणजे घोषणेच्या दिवशी ज्या लॅपटॉपला चार-पाच वर्षेच झाली होती, ज्याची किंमत धन्याच्या मनातून अद्याप पुरती वजा झालेली नव्हती, तोही या यादीने उंबऱ्याबाहेर ठेवला.

या यादीचा एक किस्सा सांगण्याजोगा आहे. २७ ऑगस्ट २०२१ रोजी कंपनीने सातव्या पिढीचा पुनर्विचार केल्याचे जाहीर केले आणि त्या पिढीतले मूठभर प्रोसेसर पात्र ठरविले. त्यांत महागड्या कार्यस्थानकांसाठीच्या दोन मालिका होत्या, आणि कोअर आय-७ ७८२०एचक्यू हा एक लॅपटॉपचा प्रोसेसर होता. आता सातव्या पिढीतल्या एवढ्या भाऊबंदांमधून या एकाच्याच नशिबी हे भाग्य का यावे? तर हाच प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ या भारी किमतीच्या संगणकात बसविलेला होता. कंपनीने यासाठी चालकप्रणालींच्या आधुनिकतेचे कारण दिले, आणि ते कारण खोटे आहे असे म्हणण्याचे मला प्रयोजन नाही. परंतु कायदा करणाराच्या घरातील माणूस कायद्याच्या कक्षेत येताच कायद्यात पोटकलम घातले जावे, ही गोष्ट आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नसावी.

त्याच निवेदनात एक आकडाही होता. अटी पूर्ण न करणाऱ्या यंत्रांवर चाचणीच्या काळात प्रणालीच्या गाभ्यातील बिघाड ५२ टक्क्यांनी अधिक आढळले, आणि अटी पूर्ण करणाऱ्या यंत्रांचा अनुभव मात्र ९९.८ टक्के निर्विघ्न होता, असे कंपनीचे म्हणणे. ५२ टक्के हा आकडा कानावर पडताच माणूस दचकतो. पण दोन्ही आकडे एकाच मापाचे आहेत असे धरून कागदावर हिशेब मांडला, तर ०.२ टक्क्यांचे ५२ टक्क्यांनी वाढून ०.३ टक्के होतात, म्हणजे नापास यंत्रे ९९.७ टक्के निर्विघ्न ठरतात. एवढ्या फरकासाठी कोणी यंत्र टाकून दिल्याचे ऐकिवात नाही.

याचा अर्थ अटींमागे काही तथ्यच नाही असा मात्र कोणी घेऊ नये. टीपीएम ही चिप, मग ती मदरबोर्डावर स्वतंत्रपणे झाळलेली असो की प्रोसेसरच्या अंतर्गत आज्ञावलीत वसलेली असो, दोन कामे करते. यंत्राच्या गुप्त किल्ल्या ती स्वतःच्या पोटात अशा रीतीने ठेवते, की डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडणाऱ्या चोराला सांकेतिक केलेला मजकूर वाचता येऊ नये. आणि यंत्र चालू होताना प्रत्येक टप्प्यावर कोणता प्रोग्राम चालला याची मोजणी नोंदवून ठेवते, जेणेकरून मधल्यामध्ये कोणी घुसखोर शिरला असल्यास ते लक्षात यावे. तिची जुनी १.२ ही आवृत्ती एसएचए-१ या आता दुर्बल ठरलेल्या पद्धतीवर विसंबून होती, २.० मध्ये अधिक बळकट पद्धती आल्या. प्रोसेसरच्या बाबतीतही असेच एक कारण आहे. विंडोजचा गाभा एका वेगळ्या, आभासी भिंतीआड सुरक्षित ठेवण्याची जी सोय आहे, तिला वेग राखण्यासाठी प्रोसेसरमध्ये विशिष्ट योजना असावी लागते. ती इंटेलच्या सातव्या पिढीपासून आहे, त्याआधीच्या प्रोसेसरांना तेच काम सोंग घेऊन, म्हणजे वेगाची किंमत मोजून, करावे लागते. कारण खरे आहे. फक्त या कारणाने सातवी पिढी आत यायला हवी होती, ती बाहेर राहिली. यावरून रेषा नेमकी कोठे ओढायची हे ठरविताना अभियंत्यांबरोबर हिशेबनिसांचाही सल्ला घेतला गेला असावा, असे अनुमान कोणी काढले तर त्याला दोष देता येणार नाही.

या नाकारलेल्या यंत्रांचे पुढे काय होते हे पाहायचे तर पुण्यात बुधवार पेठेतील तापकीर गल्लीत, किंवा मुंबईत ज्याला सरकारदरबारी डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात आणि गिऱ्हाईक मात्र लॅमिंग्टन रोडच म्हणते तेथे, एखादी दुपार काढावी. मोठ्या कंपन्या आपल्या नोकरांना दिलेले लॅपटॉप तीन-चार वर्षांनी एकगठ्ठा बदलतात; बदललेले गठ्ठे व्यापाऱ्यांकडे जातात; व्यापारी त्यांची साफसफाई करून, रॅम वाढवून, जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी टाकून ते पुन्हा विकतात; आणि अशा रीतीने एका आयटी पार्कात चार वर्षे सभांचे तक्ते दाखविण्यात घालविलेले यंत्र आयुष्याच्या उत्तरार्धात एखाद्या कर सल्लागाराच्या टेबलावर, तालुक्याच्या गावातील झेरॉक्सच्या दुकानात किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याच्या खोलीत खऱ्या कामाला लागते. या बाजारात सहाव्या आणि सातव्या पिढीचा माल उदंड आहे. धातूची चौकट, भक्कम बिजागरी, दाबल्यावर दाबल्यासारखा वाटणारा कीबोर्ड: आजच्या त्याच किमतीच्या नव्या लॅपटॉपात यांतले एकही मिळणार नाही.

'मग लिनक्स का टाकत नाही?' हा प्रश्न सुशिक्षित माणूस चटकन विचारतो, आणि तो रास्तही आहे. पण मराठी मुलखात त्याचे एक उत्तर आहे, जे बाहेरच्यांना सुचणार नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरीही आपल्या मुद्रणव्यवसायाचा फार मोठा भाग त्यानंतर कितीतरी वर्षे श्री-लिपी आणि सी-डॅकची आयएसएम अशा विंडोजवरच्या प्रणालींवर आणि त्यांच्या स्वतंत्र सांकेतिक फाँटांवर चालला, आणि २००१ नंतर जिची नवी आवृत्तीच निघाली नाही त्या पेजमेकरमध्ये पाने लावीत राहिला. लग्नपत्रिका, सहकारी पतपेढ्यांचे वार्षिक अहवाल, देवस्थानांच्या पावत्या, आणि अर्थातच दिवाळी अंक, यांच्या पंचवीस वर्षांच्या फायली त्या फाँटांत कोंडलेल्या आहेत. त्या उघडायच्या तर विंडोज पाहिजे. हिशेबनिसांची टॅलीच्या बाबतीत हीच गत. ज्याची पोटापाण्याची सोय विंडोजशी अशी बांधलेली आहे, त्याला लिनक्सचे स्वातंत्र्य ऐकायला गोड लागते, परवडत मात्र नाही.

तापकीर गल्लीतल्या एका माडीवरच्या दुकानात मी पाहिलेले प्रकरण असेच होते. गिऱ्हाईक म्हणजे शनिवार पेठेतले अक्षरजुळणीचा व्यवसाय करणारे साठीचे गृहस्थ. यंत्र म्हणजे इंटेल कोअर आय-५ ६३००यू या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरचा, ८ जीबी रॅमचा एक कार्यालयीन लॅपटॉप. आणि कारागीर म्हणजे पंचविशीतला एक तरुण, जो बोलत असताना हाताने दुसऱ्याच एका लॅपटॉपचे स्क्रू काढीत होता.

"काका, मशीन टकाटक आहे. कंपनी नाही म्हणतेय, एवढंच."

"कंपनी नाही म्हणते तर तू कसा काय हो म्हणतोस?"

"मी हो म्हणत नाही काका, मी मारून देतो. डेटाची कॉपी घेतलीय ना तुम्ही?"

विंडोज 'मारणे' ही या बाजाराची भाषा. कॉपी घेतलेली होती. तरीही त्याने डी ड्राइव्हवरचे फोल्डर स्वतः बाहेरच्या डिस्कवर पुन्हा उतरवून घेतले, आणि ते उतरेपर्यंत काकांना चहा पाजला. मला ही सावधगिरी त्याच्या पुढील सर्व हातचलाखीपेक्षा अधिक मोलाची वाटली, कारण या विषयावर लिहिणारे बोलणारे पुष्कळ जण किल्ली कशी फिरवावी तेवढे सांगतात आणि आतल्या मालाची गोष्ट विसरतात.

पेनड्राइव्ह कंपनीच्याच अधिकृत फाइलीवरून बनविलेला होता. एफ-१२ दाबून लॅपटॉप त्यावरून चालू केला, भाषा आणि कीबोर्ड निवडले, आणि अपेक्षेप्रमाणे नकार आला: हा संगणक विंडोज ११ च्या आवश्यक अटी पूर्ण करीत नाही. त्या पडद्यावर पुढे जाण्याचे बटण नव्हते. मागे येऊन त्याने शिफ्ट आणि एफ-१० एकदम दाबले. काळी खिडकी उघडली. तीत 'रेजएडिट' असे टाइप करताच प्रणालीची नोंदवही समोर आली. 'सिस्टिम' या शाखेखालच्या 'सेटअप' या पोटशाखेत त्याने 'लॅबकॉन्फिग' नावाचा एक नवा कप्पा उघडला आणि त्यात दोन नोंदी केल्या, एक टीपीएमची तपासणी वगळणारी, दुसरी सिक्युअर बूटची. दोघींपुढे १ हा आकडा लिहिला, खिडक्या मिटल्या आणि तोच प्रवेश पुन्हा सुरू केला. या खेपेला द्वारपालाने मान वर करूनही पाहिले नाही. त्यानंतरचा सारा विधी नेहमीचा: डिस्कवरचे जुने विभाग पुसणे, फायली उतरणे, यंत्र आपोआप बंद होऊन दोन-तीनदा चालू होणे. ज्यांना नोंदवहीला हात लावण्याची धास्ती वाटते त्यांच्यासाठी रुफस नावाचा एक मोफत प्रोग्राम आहे. पेनड्राइव्ह तयार करतानाच तो विचारतो की टीपीएम, सिक्युअर बूट आणि रॅम यांच्या अटी काढून टाकू काय, आणि चौकटीत खूण केली की हेच काम तो मुकाट्याने करून ठेवतो.

विंडोज उभी राहिली तेव्हा वायफाय आपोआप लागले, पडद्याचा चालकही इंटरनेटवरून येऊन बसला. बोटाच्या ठशाचा वाचक मात्र उपकरणांच्या यादीत पिवळा त्रिकोण डोक्यावर घेऊन बसून राहिला. "तो राहू दे, पासवर्ड आहे की," म्हणून काकांनी तो प्रश्न निकालात काढला. त्यांचा जीव गुंतला होता दुसरीकडे. अक्षरजुळणीची प्रणाली पुन्हा बसविल्यावर, आणि जिच्याशिवाय ती चालतच नाही ती यूएसबीची कुलूपकिल्ली खोचून झाल्यावर, त्यांनी चश्मा वर सरकवून पहिला शब्द टाइप केला तो 'दऱ्याखोऱ्यांतून'. अर्ध्या चंद्रकोरीचा र दोन्ही ठिकाणी जागच्या जागी उमटला. मग 'शृंगार', मग 'उद्ध्वस्त', मग 'लक्ष्मीपूजन'. परीक्षा कंपनीने घेतली होती तिच्यापेक्षा ही कडक होती, आणि यंत्र तीत उत्तीर्ण झाले.

आता विचार करण्याजोगा प्रश्न असा, की दोन नोंदींनी जो अडसर दूर होतो तो अडसर होता तरी कशा प्रकारचा? तपासणी दारावर होते. घरात होत नाही. अटी तपासण्याचे काम प्रवेशविधीच्या प्रोग्रामकडे आहे, विंडोजच्या गाभ्याकडे नाही. एकदा आत आलेल्या यंत्राला गाभा टीपीएम आहे काय म्हणून विचारीत बसत नाही. दाराची ही तपासणी किती वरवरची आहे हे दाखविणारी एक युक्ती तर विनोदी म्हणावी अशी आहे. चालू विंडोजमधून प्रवेशविधी सुरू करताना त्याला आज्ञेतच सांगितले, की आपण सर्व्हर बसवीत आहोत, तर सर्व्हरच्या आवृत्तीला या अटी लागू नसल्यामुळे तो तपासणी करीत नाही. पडद्यावर 'विंडोज सर्व्हर' असे मथळे झळकत राहतात, आणि शेवटी बसते ती साधी विंडोज ११. पाहुण्याने नाव भलतेच सांगावे, चोपदाराने तेच पुकारावे, आणि गादीवर मात्र मूळचा माणूस जाऊन बसावा, असा हा प्रकार.

याहून ठळक पुरावा कंपनीच्याच दप्तरात आहे. यंत्रसामग्रीत, रुग्णालयांच्या उपकरणांत, दुकानांच्या गल्ल्यांवर वापरण्यासाठी विंडोज ११ ची आयओटी एंटरप्राइज एलटीएससी २०२४ अशी लांबलचक नावाची एक आवृत्ती निघते. तिच्या किमान अटींत टीपीएम आणि सिक्युअर बूट ऐच्छिक आहेत, आणि तिला कंपनीने २०३४ पर्यंतची हमी दिलेली आहे. गाभा तोच, आणि ग्राहक कारखानदार असला की जे ऐच्छिक ठरते, तेच तो शनिवार पेठेतला अक्षरजुळणीकार असला की अनिवार्य होते. इतकेच काय, टीपीएमची जुनी १.२ आवृत्ती असलेल्या यंत्रावर विंडोज १० वरून ११ वर कसे जावे याची नोंदवहीतील युक्ती मायक्रोसॉफ्टने स्वतःच, परिणामांचा इशारा देऊन का होईना, आपल्या अधिकृत साहाय्यपत्रकात प्रसिद्ध केली होती. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये टीपीएम २.० बाबत तडजोड नाही असे कंपनीने ठासून सांगितले, आणि २०२५ च्या आरंभी ती युक्ती पत्रकातून काढून टाकली. पत्रकातून गेली, प्रवेशविधीतून गेली नाही.

परंतु याच प्रणालीने दुसऱ्या एका प्रसंगी जो नकार दिला, त्यापुढे कोणत्याही कारागिराचे काही चालत नाही, आणि त्याची गोष्ट या पहिल्या नकाराच्या शेजारी ठेवूनच वाचली पाहिजे. १ ऑक्टोबर २०२४ रोजी आलेल्या २४एच२ या आवृत्तीपासून विंडोजच्या गाभ्याला 'पॉपकाउंट' नावाची प्रोसेसरची एक आज्ञा लागते. तिचे काम अगदी क्षुल्लक: दिलेल्या संख्येच्या द्विमान रूपात १ हा अंक किती वेळा आला ते मोजून सांगणे. इंटेलने ही आज्ञा, आणि जिचा ती भाग मानली जाते तो एसएसई ४.२ हा संच, २००८ च्या अखेरीस आलेल्या पिढीपासून दिला. त्यापूर्वीच्या कोअर टू ड्यूओ या एके काळच्या मातब्बर घराण्याला तो ठाऊक नाही. असा प्रोसेसर तेच काम बेरजेच्या अनेक पायऱ्यांनी करू शकला असता. पण गाभा त्याला पायऱ्या सांगत नाही, थेट आज्ञा सोडतो, आणि जी आज्ञा त्याच्या कोशातच नाही ती ऐकताच तो थबकतो. यंत्र चालू होण्याच्या पहिल्या टप्प्यातच थांबते. येथे नोंदवहीत काय लिहावे? सर्व्हरचे सोंग कोणाला दाखवावे? हा नकार दारावरचा नव्हे, हाडामांसाचा आहे. त्याच माडीवर एक बाई मुलाचा जुना कोअर टू ड्यूओ घेऊन आल्या होत्या. कारागिराने नाव वाचले, लॅपटॉप मिटला, आणि "ताई, याला अकरा लागणार नाही, लिनक्स मिंट टाकून देतो, मुलाचं काम होईल" असे एका वाक्यात सांगून मोकळा झाला. एकाच टेबलावर, एका तासाच्या अंतराने, त्याने एक नकार धुडकावला आणि दुसरा शिरोधार्य मानला. कौशल्य म्हणतात ते हेच.

काकांच्या यंत्राची स्थिती आता काय झाली, ती महसुली भाषेत बरोबर सांगता येते. जमीन कसली जात आहे, पीक येत आहे, शेजारीपाजारी साक्षीला आहेत. फक्त सातबाऱ्यावर नाव नाही. दरमहा दुसऱ्या मंगळवारी कंपनी सुरक्षेच्या ज्या दुरुस्त्या पाठविते त्या या यंत्रालाही आजवर निमूटपणे मिळत आल्या आहेत. परंतु त्या मिळण्याचा हक्क नाही, हे कंपनीने आधीच लिहून ठेवलेले आहे, आणि उद्या त्या बंद झाल्या तर दाद मागायला कचेरी नाही. वार्षिक मोठी आवृत्ती मात्र अशा यंत्राला आपोआप देऊ केली जात नाही. घरगुती आणि प्रो या प्रकारांतील प्रत्येक आवृत्तीचे आयुष्य २४ महिन्यांचे असल्यामुळे, ती सरण्यापूर्वी नवी फाइल आणून, दारावरची तीच कसरत पुन्हा करून यंत्र पुढच्या आवृत्तीवर न्यावे लागते. हे जो विसरला त्याचे यंत्र विंडोज १० च्याच रांगेत, फक्त नव्या कपड्यांत, जाऊन उभे राहते. २०२२ मध्ये कंपनीने अशा यंत्रांच्या पडद्याच्या कोपऱ्यात 'अटी पूर्ण नाहीत' अशी पुसट ओळ उमटविण्याचा प्रयोगही चाचणीच्या आवृत्त्यांत करून पाहिला होता.

येथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण या बाजारात दोन गोष्टी सर्रास एकाच टोपलीत टाकल्या जातात. ज्या यंत्रावर विंडोज १० रीतसर परवान्याने होती त्यावर ११ ही त्याच परवान्याने, पैसे न मागता, कार्यान्वित होते. अपात्र यंत्रावरही होते. अटी वगळणे म्हणजे परवाना चोरणे नव्हे. परवाना फोडणारे जे प्रोग्राम कित्येक दुकाने खुशाल टाकून देतात, त्यांतून यंत्रात काय काय शिरते याचा विचार केला तर टीपीएमची सारी चर्चा तेथे हास्यास्पद ठरते. असल्या दुकानापासून वाचकाने चार हात दूर राहावे, असे मी स्पष्ट म्हणतो.

आणि दारावरच्या तपासणीपुरतेच हे प्रकरण कायम राहील अशी खात्री कोणी देऊ नये. व्हॅलोरंट हा खेळ विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट नसेल तर २०२१ पासूनच चालत नाही. म्हणजे घरमालकाने न विचारलेला प्रश्न आता घरातले बिऱ्हाडकरू विचारू लागले आहेत. आज खेळ विचारतो, उद्या एखाद्या बँकेचा प्रोग्राम विचारील.

ज्यांना हा खटाटोप नको त्यांच्यासाठी कंपनीने विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एका वर्षाची वाढीव मुदत ३० डॉलरांना, किंवा यंत्राच्या मांडणीची प्रत कंपनीच्या खात्यात ठेवल्यास फुकट, देऊ केली. युरोपीय आर्थिक क्षेत्रात ग्राहकसंघटनांनी आवाज उठविल्यावर ती तेथे ३० डॉलरांशिवाय आणि प्रतीच्या अटीशिवाय मिळाली. आपल्याकडे असा आवाज कोणी उठविल्याचे माझ्या पाहण्यात नाही. आपण बुधवार पेठेत गेलो.

माझे मत विचाराल तर ज्याच्या यंत्रावर दुसऱ्यांचे पैसे, दुसऱ्यांचे खटले किंवा दुसऱ्यांचे आजार नोंदलेले असतात, अशा वकिलाने, वैद्याने, पतपेढीच्या चिटणिसाने या वाटेला जाऊ नये. त्याने नवे यंत्र घ्यावे, कारण त्याला हमीचा कागद लागतो आणि तो कागद येथे नाही. ज्याचे काम स्वतःपुरते आहे, ज्याच्या फायलींची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर आहे, आणि ठरल्या वेळी यंत्र दुकानात नेण्याची ज्याला शिस्त आहे, त्याने जुना पण उत्तम लॅपटॉप केवळ यादीत नाव नाही म्हणून भंगारवाल्याला देणे हा शुद्ध अपव्यय होय. काकांना ती शिस्त नसावी असा कारागिराचा अदमास असावा. त्याच्याकडे एक लांबट वही होती. तीत त्याने लॅपटॉपच्या पाठीवरचा क्रमांक, काकांचा मोबाइल आणि '२५एच२' अशी नोंद केली, त्या आवृत्तीची मुदत ऑक्टोबर २०२७ मध्ये सरते म्हणून पुढच्या रकान्यात 'ऑगस्ट २७, फोन करणे' असे लिहिले, आणि मजुरी घेताना काकांना बजावले की तोपर्यंत कोणी काही अपडेट करून देतो म्हणाला तर द्यायचे नाही.

"आणि ऑगस्टात तू इथं नसलास तर?"

"वही असेल ना काका."